उजेड खाणारा चष्मा

दुबलगुंडीच्या नागप्पाला गळ्यातल्या इष्टलिंगात उजेड दिसायला लागला, ही बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही, कारण ती नागप्पानं स्वतःच केली. माणूस तसा बढाईखोर नव्हता हो. पण पन्नाशी ओलांडलेला भुसार व्यापारी, सगळी हयात ज्वारी अन् तूर मापण्यात गेलेली, आणि एकाएकी शिवाचा प्रकाश त्याच्या तळहातावर उतरला, तर तो गप्प कसा बसेल? तुम्ही-आम्ही तरी बसलो असतो का?

त्याचं असं होतं. रोज पहाटे अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून नागप्पा पूजेला बसायचा. गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, हात डोळ्यांपुढं दीडेक वीत अंतरावर धरायचा आणि नजर लिंगावर ठेवायची. लिंगाचं काळं कवच गुळगुळीत असतं. शेजारच्या समईची ज्योत त्यात बारीक ठिपका होऊन चमकते. त्या ठिपक्यावर डोळा ठरला की मन ठरतं, आणि मन ठरलं की उजेड वाढत जातो, असं लहानपणी दीक्षा देणाऱ्या स्वामींनी त्याला सांगितलं होतं. इतकी वर्षं ठिपका आपला खसखशीएवढाच राहिला. मग तो मोहरीएवढा झाला. मोहरीची ज्वारी झाली. आणि पोलिस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं उलटली तोवर तो चांगला तुरीच्या दाण्याएवढा भरला, वर कडेनं किरणं फुटलेली. दाण्यांशिवाय दुसरं माप नागप्पाला ठाऊकच नव्हतं.

"तुरीएवढा व्हय?" त्याची बायको निलम्मा चुलीपुढून म्हणाली. "मला तर निखाऱ्यात बी दिसायलाय तसा. परवा सुई ओवताना सुईच्या टोकावर बी दिसला."

"चुलीतलं अन् लिंगातलं एक असतंय व्हय गं?"

"मी कुठं एक हाय म्हणलं? दिसायलाय म्हणलं."

बायकोला परमार्थातलं काय कळतं, असं मनाशी म्हणून नागप्पा दुकानात गेला. तिथं त्यानं तांदळातला खडा तांदूळ म्हणून परातीत तसाच ठेवला आणि गिऱ्हाईकाच्या चिठ्ठीवरून छापखान्यातल्या लोकांना शिव्या दिल्या, आजकाल सगळं बारीकच छापतात म्हणून. चिठ्ठी हातानं लिहिलेली होती. वचनांची पोथीही तो आताशा हात लांब करकरून वाचायचा, आणि हात पुरेनासा झाला की पोथी मिटून डोळेही मिटायचा. बघणाऱ्याला वाटायचं, नागप्पाची समाधी लागली.

गाव काही मागं राहणारं नव्हतं. महिना-दोन महिन्यांत पाटलाच्या वाड्यापलीकडचे अण्णाराव, वयानं नागप्पाच्या पुढं पंधरा वर्षं, त्यांनी जाहीर केलं की आपल्याला हरभऱ्याएवढा दिसतो. मग आणखी दोघाचौघांना दिसायला लागला. गंमत अशी की ज्याचं वय जास्त त्याचा दाणा मोठा. नागप्पाला हे जरा खुपलं, पण त्यातही त्याला देवाचा न्याय दिसला. वडील माणसाला वडीलकीचा वाटा मिळाला, म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण लिंगराज होता.

लिंगराज नागप्पाचा एकुलता मुलगा. पंचविशीचा, लग्न झालेला, बायको चंद्रम्मा सोन्यासारखी, आणि स्वभावानं बापाच्या दसपट भाविक. बाप बसायचा तासभर, तर हा दोन तास. आणि त्याला काय दिसायचं? खसखस. काळ्या कवचावर एक बारीक, टोकदार, निर्जीव खसखस. त्यानं कळवळून बापाला विचारलं, तेव्हा नागप्पा गादीवर रेलून म्हणाला, "मन दुकानात ठिवतोस अन् लिंग हातात. मग कसा वाढंल उजेड?" असं तो एकदा नाही, येताजाता म्हणायचा. पोरानं दुकान सोडलं. मग एकवेळ जेवायला लागला. चंद्रम्माशी बोलणं थांबलं. आणि श्रावण लागताच त्यानं घरात सांगून टाकलं की शेवटच्या सोमवारी मठाचे स्वामी गावात येतील, त्यांच्याबरोबर तो जाणार. परत यायचं नाही. संसारात राहून उजेड दिसणं आपल्या नशिबी नाही.

चंद्रम्मा परसात जाऊन रडली. निलम्मानं नवऱ्याकडं एकदा बघितलं आणि ती सुनेच्या मागं गेली. ते बघणं नागप्पाला झोंबलं. पोरगा एवढा भाविक निघाला याचा त्याला अभिमानही वाटत होता आणि तो जाणार याची धास्तीही. पण उपाय काय? उजेड काही वाटून देता येत नाही.

त्यात त्याची स्वतःची एक अडचण उभी राहिली. त्या सोमवारी स्वामींच्या पुढं पोथी नागप्पानंच वाचायची आणि मग आपला अनुभव चार लोकांना सांगायचा, असं ठरलं. अनुभव सांगणं सोपं होतं, पोथी वाचणं अवघड. डोळे मिटून किती वेळ निभावणार? तेव्हा बाजाराचं निमित्त करून, घरी कुणाला न सांगता, नागप्पा हुमनाबादेला मोटारीनं गेला आणि मेव्हण्याच्या दुकानात शिरला.

मेव्हणा म्हणजे निलम्माचा धाकटा भाऊ, माणिकप्पा. हैदराबादेत पत्थरगट्टीला एका उस्तादाच्या हाताखाली चष्म्याचं काम शिकून आलेला. उस्तादाकडून काम कमी आणि बोलणं जास्त शिकला, असं नागप्पाचं मत होतं. दुकानात उर्दू, कानडी आणि मराठी अशा तिन्ही अक्षरांचा तक्ता टांगलेला होता. एखाद्याला वाचता आलं नाही की माणिकप्पा विचारायचा, "नजर न्हाई का अक्षर न्हाई?"

"दाजी, शेवटी आलाव म्हणा," तो म्हणाला. "चाळिशीत लावायचा असतो तो चष्मा. तुमी पन्नाशीत आलाव. काय बघायचं हाय?"

"पोथी."

"किती लांब धरता?"

नागप्पानं हवेत दीड वीत दाखवली. माणिकप्पानं दोऱ्यानं अंतर घेतलं, पेटीतली भिंगं एकेक करून डोळ्यांपुढं धरली आणि विचारत गेला, हे बरं का ते बरं. शेवटी एक जोडी ठरली. मधी फुगीर आणि कडेला पातळ, अख्ख्या मसुरीसारखी. गोल काडीच्या चष्म्यात बसवून त्यानं ती दाजीच्या नाकावर चढवली, आणि हातात दिलेल्या कॅलेंडरवरची अक्षरं अशी लख्ख उठली की नागप्पाला छापखान्यावाल्यांना दिलेल्या शिव्या परत घ्याव्याशा वाटल्या.

आता ऐका, ह्या शहाण्या माणसानं काय केलं ते. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे पूजेला बसताना त्याच्या मनात आलं, नुसत्या डोळ्यांनी तुरीएवढा उजेड दिसतो, तर चष्म्यातनं केवढा दिसेल. अण्णारावांच्या हरभऱ्याचं पार पीठ होईल. त्यानं दार लावून घेतलं, चष्मा चढवला, लिंग तळहातावर घेतलं आणि बघितलं.

खसखस.

त्यानं चष्मा काढला, तूर दिसली. चष्मा घातला, खसखस. काच धोतरानं पुसून पुन्हा घातला, तरी खसखसच. नागप्पाचं डोकं सणकलं. विभूती तशीच कपाळावर घेऊन तो पहिल्या मोटारीनं हुमनाबादेला गेला आणि दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाला, "माणिकप्पा, तुझ्या चष्म्यानं माझा उजेड खाल्ला. बदलून दे."

माणिकप्पा आधी हसला. मेव्हण्यानं दाजीला हसायचं नाही तर कुणाला हसायचं? पण दाजीचा चेहरा बघून त्यानं हसू गिळलं आणि त्याला आत नेऊन बसवलं.

"आधी चष्मा काढा. ही सुरी घ्या हातात. पात्यावर ह्या दिव्याचा ठिपका दिसायलाय ना? केवढा?"

"तुरीएवढा," नागप्पा म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला जरा कसंतरी वाटलं. सुरी लिंबं कापायची होती.

"आता मूठ वळा. मधी बारीक भोक ठिवा अन् त्यातनं बघा."

नागप्पानं बघितलं. भोक बारीक करावं तसा ठिपका लहान होत गेला. तूर, ज्वारी, मोहरी.

"मुठीनं बी खाल्ला बघा," माणिकप्पा म्हणाला.

मग त्यानं दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं आणि जाड मसुरीसारखं एक भिंग दिव्यापुढं धरलं. मागं कागद धरायला दाजीलाच सांगितलं. "दाजी, तुमी गोडेतेल ओतता ते नरसाळं असतंय का न्हाई? वर रुंद, खाली चोच. दिव्याच्या ठिपक्यातनं उजेड पसरत येतो, अन् भिंग त्याला गोळा करून त्याचं नरसाळं करतंय. कागद चोचीवर धरा."

नागप्पानं कागद मागंपुढं केला. एका जागी ज्योत कागदावर उतरली, बारीक, स्वच्छ आणि उलटी.

"आता कागद भिंगाकडं आणा. नरसाळ्याच्या पोटात."

ज्योत फुगली. तिचा गोल झाला. कागद आणखी जवळ आणला तसा गोल आणखी मोठा झाला, कडा थरथरत्या. नागप्पा तो गोल ओळखत होता. रोज पहाटे बघत होता. त्याच्या हातातला कागद खाली आला.

"आपल्या डोळ्यात बी देवानं असंच भिंग घातलंय," माणिकप्पा आता चेष्टा सोडून सांगत होता. "अन् मागं पडदा. जवळचं बघायचं तर ते भिंग जरा फुगावं लागतंय, म्हणजे चोच बरोबर पडद्यावर पडते. वय झालं की भिंग टणक व्हतंय, फुगत न्हाई. मग चोच पडद्याच्या पल्याड जाते अन् पडद्यावर पडतंय नरसाळ्याचं पोट. कमी पडलेली फूग मी बाहेरनं दिली, चष्म्यात. उजेड कुणी खाल्ला न्हाई दाजी. सांडला होता तो गोळा केला."

"म्हंजे अण्णाराव..."

"वय जास्ती, भिंग जास्ती टणक, नरसाळ्याचं पोट जास्ती रुंद. पोरासोरांना हे कधी दिसायचं न्हाई. त्यांची चोच बरोबर पडद्यावर."

पोरासोरांना दिसायचं नाही. नागप्पा मोटारीत बसून घरी येईपर्यंत एवढंच घोळत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं चष्मा लावूनच लिंग हातात घेतलं. खसखशीएवढा ठिपका, आणि भोवती लिंग. काळं, नितळ, एका कडेला कवचाला बारीक चीर गेलेलं. ती चीर कधी पडली त्याला माहीत नव्हतं. दोन वर्षं तो उजेड बघत बसला होता, लिंग त्यानं बघितलंच नव्हतं. त्याला रडू आलं आणि त्यानं ते येऊ दिलं.

पण रडून झाल्यावर पोराला सांगणं आलं. त्यानं लिंगराजला परसात गाठलं आणि सगळं सांगितलं, सुरी, मूठ, नरसाळं, सगळं. "तुझी खसखसच बरोबर हाय. माझी तूर म्हंजे म्हातारपण. तू जाऊ नगंस."

लिंगराजनं खाली वाकून बापाच्या पायांना हात लावला. "अप्पा," तो म्हणाला, "मला ठिवून घ्यायला तुमी तुमचा अनुभव खोटा म्हणायलाव. माझ्यासाठी एवढं पाप कामून करायलाव? करू नगा." आणि तो आत जाऊन आपली दोन धोतरं बांधायला लागला.

घ्या. बढाई मारली तेव्हा गावानं खरी मानली आणि खरं बोलला तर पोटचा पोरगा मानेना. नागप्पानं कपाळाला हात लावला. निलम्मा दारात उभी होती. "दोन वर्सं जे गावाला सांगितलं, ते परसात सांगून कसं फिटंल?" ती म्हणाली. "गावातच सांगावं लागंल."

सांगायचं म्हणजे काय, हे नागप्पाला नीट कळत होतं. चावडीवर जागा करून देणारे लोक, विभूती लावून घ्यायला येणाऱ्या बाया, 'नागप्पाण्णा, आज केवढा?' असं आदरानं विचारणारे सोयरे, हे सगळं जायचं. अण्णाराव तर मरेस्तोवर हसणार. सोमवार उजाडला तरी त्याचं मन कधी इकडं, कधी तिकडं होत होतं.

संध्याकाळी गावातल्या मठाच्या अंगणात सगळे जमले. स्वामी चौथऱ्यावर बसले, वयस्कर, शांत, थोडे पेंगुळलेले. त्यांच्या पायाशी लिंगराज, बाजूला त्याचं बोचकं. नागप्पानं चष्मा लावून पोथी अशी घडाघडा वाचली की लोक एकमेकांकडं बघायला लागले. पोथी मिटली. स्वामी म्हणाले, "नागप्पा, आता तुमचा अनुभव सांगा."

नागप्पानं मान वर केली. वाचून झालं की तो चष्मा लगेच काढायचा. आज घाबरलेपणात तो नाकावरच राहिला होता. आणि त्यानं काय बघितलं? अंगणाच्या टोकाला कंदील टांगला होता, तो पुरीएवढा झाला होता, कडेनं किरणं. चपलांपाशी दुसरा कंदील, त्याची पुरी. फाटकाबाहेर कुणीतरी अंधारात बिडी ओढत उभा होता, त्याच्या बिडीच्या टोकालासुद्धा लाल उजेडाचा गोल, तुरीच्या कितीतरी पट मोठा. जवळच्यासाठी दिलेली फूग लांबच्या उजेडालाही लागली होती, आणि चोच चुकली होती. नागप्पा भर सभेत मोठ्यानं हसला.

"लिंगराज, इकडं ये," तो म्हणाला.

पोरगा आला. नागप्पानं स्वतःचा चष्मा काढून त्याच्या डोळ्यांवर चढवला. "तो कंदील बघ. केवढा उजेड दिसायलाय?"

लिंगराज बघतच राहिला. "पुरीएवढा," तो शेवटी म्हणाला. "अप्पा, किरणं हायती त्याला."

"अन् ती बिडी?"

"तिला बी."

"आता काढ चष्मा. बघ."

लिंगराजनं चष्मा काढला. कंदिलात ज्योत होती, नेहमीची, फाटकापाशी बिडीचं टोक होतं, टाचणीएवढं.

"कुठलं खरं?"

लिंगराजनं एकदा चष्म्याकडं बघितलं, एकदा कंदिलाकडं. "काढल्यावरचं," तो म्हणाला.

"मग तुझी खसखस खरी," नागप्पा म्हणाला, आणि आता तो सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलत होता. "मला देवाचा उजेड दिसला न्हाई. मला चाळिशी लागली. तू रोज खरं बघत होतास, अन् मी गादीवर बसून तुलाच बोल लावत होतो."

मागनं अण्णारावांचा आवाज आला. "म्हंजे नागप्पा, माझा हरभरा?"

"वय हाय तुमचं, अण्णाराव. हरभराच व्हणार."

मग जे हसू फुटलं ते आवरायला वेळ लागला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या, निलम्मानं पदरसुद्धा लावला नाही. चावडीवरची जागा त्या हसण्यात गेली ती गेलीच. स्वामी मात्र हसले नाहीत. त्यांनी आपल्या गळ्यातल्या लिंगाच्या डबीवर हात ठेवला आणि पुढं वाकून नागप्पाला हळूच विचारलं, हा चष्मा करून देणारा नेमका कुठं बसतो.

लिंगराज तसाच उभा होता. त्यानं चष्म्याच्या काचा आपल्या उपरण्यानं पुसल्या आणि दोन्ही हातांनी, पूजेचं भांडं धरावं तसा धरून, तो बापाच्या नाकावर परत बसवला. त्यासाठी तो वाकला. पोराचा चेहरा दीड वितीवर आला.

दोन वर्षांत नागप्पानं तो चेहरा इतक्या जवळून नीट बघितला नव्हता. गालाची हाडं वर आली होती. डोळ्यांखाली काळं पडलं होतं. ओठांना चिरा होत्या आणि पंचविशीच्या पोराच्या कानाशी चार पांढरे केस होते. हे सगळं आपल्या घरात, आपल्या डोळ्यांपुढं झालं, हे नागप्पाला तेव्हा कळलं, आणि त्याला स्वामींचं, सभेचं, अण्णारावांचं भान राहिलं नाही.

"जेवलास का रे?" त्यानं विचारलं.

लिंगराजनं मान हलवली, नाही म्हणून. चंद्रम्मा बायकांतनं उठली, तिनं बोचकं उचलून काखेत मारलं, आणि घराकडं ताट वाढायला गेली.